बसते पैसे, उडते पैसे

लाँड्रीवरची खोली
४ मार्च

प्रिय मुंगे,

खुर्चीत नीट टेकून बस. हातात कप असेल तर खाली ठेव. मी क्रिप्टोमध्ये उतरले!

ओरडू नकोस. तू ओरडणार नाहीसच म्हणा. तू नुसते ओठ मिटून चष्मा पुसशील, आणि ते मला जास्त लागतं. पण आधी ऐकून घे. भाचेसून गेले दोन महिने मला शिकवते आहे. ती ऑफिसात दिवसभर आकड्यांशीच झुंजते, तिला यातलं खरंच कळतं. मला म्हणते, "मामी, तुमचा हात चपळ आहे, डोकं त्याहून चपळ आहे, म्हणूनच मला तुमची धास्ती वाटते."

मुंगे, काय सांगू तुला! या बाजाराला शटरच नाही. रविवार नाही, जेवणाची सुट्टी नाही. फोनच्या पडद्यावर हिरव्या-लाल काड्या उगवत असतात. भाव चढला की हिरवी, पडला की लाल. बघता बघता माझी छाती अशी धडधडते, जशी शाळेच्या स्नेहसंमेलनात पडदा उघडायच्या आधी धडधडायची. पहिल्या दिवशी मी अकरा वेळा घेतलं आणि अकरा वेळा विकलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढली ना, दिवा लागला की प्लग घालायचा, विझला की काढायचा, तशीच मी सुटले. संध्याकाळी पैसे थोडे कमी झाले होते आणि मी दुपारचं जेवायलाच विसरले होते. भाचेसुनेने सगळा दिवस तपासला आणि म्हणाली, "मामी, हा व्यापार नाही. ही खाज आहे."

तेव्हा नियम केले. माझ्या पैशांचे दोन ढीग. आपण दोघींनी मिळून घड्याळजींचं ते दोन खोल्यांचं तळमजल्यावरचं घर घ्यायचं ठरवलंय, त्यातला माझा निम्मा वाटा म्हणजे बसते पैसे. ते बँकेत बसून राहणार. एकूण पैशांतला फक्त दहावा भाग उडते पैसे. हे सगळे उडाले, तरी घर होतं. फक्त रंग न लावता राहायचं आणि जुन्याच खाटा न्यायच्या.

पण मी मला ओळखते. भाव चढला की बसत्यांनाही मी उठवणार. म्हणून तू माझं कुलूप हो. बसत्या पैशांना हात लावायचा असेल, तर आधी तुला पत्र, आणि तुझं उत्तर येईपर्यंत थांबायचं. चार दिवस जायला, चार यायला. आठ दिवसांत कुठलाही ताप उतरतो, हे मी तुला सांगायला नको. फोन नाही. फोनवर तू "हं" म्हणतेस आणि मला "हो" ऐकू येतं.

बोर्डिंगमध्येही मदरने माझ्या खाऊच्या डब्याची किल्ली तुझ्याच गळ्यात घातली होती. होशील ना?

तुझी,
भिंगरी


हॉस्पिटल क्वार्टर्स
१० मार्च

प्रिय भिंगरे,

चष्मा पुसला. दोनदा.

त्या किल्लीने माझ्या मानेला पुरळ आलं होतं, हे तुला कधी सांगितलं नाही. आत्या म्हणायची, "भावाची पोर नसती तर माझी ही कार्टी शाळेतून पळाली असती." तुझ्या आईला तुझी पारख होती.

होते कुलूप. पण मला तुझ्या त्या काड्यांबद्दल काही कळत नाही, मला फक्त शस्त्रक्रियेची खोली कळते. तिथे बत्तीस वर्षांत एकच गोष्ट शिकले. पहिला छेद देण्याआधी सगळं ठरलेलं असतं. कापसाचे बोळे मोजलेले असतात. रक्त किती गेलं तर काय करायचं, हेही आधीच बोललेलं असतं, कारण एकदा पोट उघडल्यावर शांत डोकं कोणाकडेच नसतं. तेव्हा तू काहीही घेण्याआधी कागदावर लिही: किती घेतलं, कुठे पोचल्यावर विकणार, आणि खाली गेलं तर कुठे सोडून देणार. मगच घे.

एप्रिलअखेर मी निवृत्त होते. क्वार्टर्स जुलैअखेर रिकामे करायचे आहेत. घड्याळजींनी आपल्यासाठी जूनअखेरपर्यंत घर राखून ठेवलंय, हे डोक्यात राहू दे. मला दुसरीकडे कुठे जायचं नाही, भिंगरे. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या भिंतींत राहिले. आता एक खिळा ठोकायला कोणाची परवानगी लागू नये, एवढंच हवंय.

तुझी,
मुंगी


लाँड्रीवरची खोली
१७ मार्च

प्रिय मुंगे,

चढतंय! अगं, चढतंय!

तू सांगितलंस तसं लिहिलं, बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला. भाचेसून म्हणाली, तुमच्या त्या बहिणीला अर्धी विद्या न शिकताच येते. "खाली गेलं तर कुठे सोडायचं" याला इकडे स्टॉप-लॉस म्हणतात. तो आकडा आधीच घालून ठेवायचा, म्हणजे भाव तिथवर घसरला की नाणं आपोआप विकलं जातं, आपण रडत बसलो असलो तरी.

आता खरं कारण. माझे उडते पैसे तीन दिवसांत दीडपट झालेत! खालच्या लाँड्रीवाल्या बाईंना सांगितलं, तर त्यांनी इस्त्री तशीच शर्टावर ठेवली आणि ऐकत राहिल्या. शर्ट जळाला. त्याचे पैसे मी दिले, तेही हसत हसत.

म्हणून नियमाप्रमाणे विचारते. बसत्या पैशांतले निम्मे उठवू का? एकदाच! दहा दिवसांसाठी! मुंगे, मग नुसता रंग नाही, मागच्या अंगणात फरशी घालू, तुझ्यासाठी मोठं कपाट करू, मला कमोडशेजारी धरायला दांडा लावू. गुडघ्याची तरी दया कर. उत्तर लवकर टाक. मी पोस्टमनच्या सायकलीचा आवाज ओळखायला लागलेय.

तुझी,
भिंगरी


हॉस्पिटल क्वार्टर्स
२४ मार्च

प्रिय भिंगरे,

नाही.

कारण विचारशील म्हणून लिहिते. तुझ्या पत्रात पाच उद्गारचिन्हं आहेत. मी मोजली. ज्या सर्जनचा आवाज चढतो, त्याच्या हातात मी सुरी देत नसे, थोडा वेळ ट्रे चाचपत बसत असे.

दांडा आपण तसाही लावू. तो महाग नसतो.

रागावू नकोस. तू लिहितेस त्या गोष्टी मी दोन-दोनदा वाचते. इथे संध्याकाळी फार शांत असतं. एक विचारू? ते ॲप माझ्यासारख्या साध्या फोनवर येतं का? तू काय म्हणतेस ते डोळ्यांपुढे यावं, एवढ्यासाठीच विचारते. आणि नवी छोटी नाणी असतात म्हणे, ती जास्त उसळतात, हे खरं का? आमचे भूलवाले डॉक्टर सकाळी फिरताना सांगत होते.

तुझी,
मुंगी


लाँड्रीवरची खोली
२ एप्रिल

प्रिय मुंगे,

आज मी तुझ्या पाया पडते. पत्रातूनच, कारण खरोखर वाकले तर उठवायला कोणीतरी लागेल.

तुझं "नाही" आलं त्या दिवशी मी तुला चार पानं शिव्या लिहिल्या. तू सुकलेली आहेस, तुझ्या अंगात रक्ताऐवजी स्पिरिट आहे, तू शाळेतसुद्धा सहलीला छत्री घेऊन यायचीस, असं बरंच काही. पाकीट चिकटवलं आणि पोस्टात रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे दोन माणसं. तेवढ्यात पर्समध्ये फोन थरथरला. बघते तर माझं नाणं विकलं गेलेलं! भाव कड्यावरून सुटलेल्या दगडासारखा खाली आला होता आणि स्टॉप-लॉसने मला वाटेतच उचलून बाजूला ठेवलं होतं. मी तो आकडा भाव चढला तसा वर सरकवत आणला होता, त्यामुळे थोडा नफाच हातात राहिला. संध्याकाळपर्यंत भाव निम्म्यावर! बसते पैसे त्यात असते तर, मुंगे?

मी तिथेच पोस्टात पाकीट फाडलं. खिडकीतले काका म्हणाले, "बाई, तिकीट तरी सोडवून घ्यायचं." मी म्हटलं, "काका, आज तिकीट माझ्याकडून!" आणि हसत सुटले. लोक बाजूला सरकले.

आता भाचेसुनेचा नियम, असं बाहेर फेकलं गेलं की दहा दिवस काहीही घ्यायचं नाही. हात शिवशिवतात, म्हणून मी दोन स्वेटर उसवून पुन्हा विणायला घेतलेत.

ॲप साध्या फोनवर येतं. छोटी नाणी उसळतात हे खरं, आणि तशीच आपटतात. भाचेसून त्यांना पिल्लं म्हणते आणि मला त्यांच्या वाऱ्याला उभं राहू देत नाही. तू बघायचं असेल तर नुसतं बघ. तुझ्याबद्दल मला काळजी नाही. तू तर आमचं कुलूप!

तुझीच,
भिंगरी


हॉस्पिटल क्वार्टर्स
३ मे

प्रिय भिंगरे,

उत्तराला उशीर झाला. निरोपसमारंभाची गडबड होती. सगळ्यांनी मिळून मला सूटकेस भेट दिली. "आता जा" असं इतक्या स्पष्टपणे मला आजवर कोणी म्हणालं नव्हतं.

तू दहा दिवस थांबलीस याचं मला फार कौतुक वाटलं. शाळेत तू मेणबत्ती विझेपर्यंतसुद्धा प्रार्थनेत डोळे मिटून बसू शकत नव्हतीस.

तुझा सल्ला हवा आहे, माझ्यासाठी नाही. आमच्या भूलवाल्या डॉक्टरांनी असंच एक छोटं नाणं घेतलंय. सुरुवातीला चांगलं चढलं, मग पडायला लागलं. पडलं की ते आणखी थोडे पैसे घालतात. म्हणतात, स्वस्त झालंय, सरासरी किंमत खाली येते, नाणं सावरलं की सगळं भरून निघेल. आतापर्यंत बरेच घातलेत. घरी बायकोला सांगितलेलं नाही. त्यांना मी काय सांगावं? माणूस तसा विचारी आहे. आयुष्यात कधी घाईने काही केलेलं नाही.

उन्हाळा फार आहे. जास्त लिहीत नाही.

तुझी,
मुंगी


लाँड्रीवरची खोली
८ मे

प्रिय मुंगे,

तुझ्या डॉक्टरांना सांग, दुसऱ्यांना भूल देता देता यांनाच चढलीय!

अगं, हे तर अगदी पहिल्या धड्यात आहे. भाचेसून म्हणते, पडत्या नाण्यात पैसे घालत राहणारा माणूस नाणं वाचवत नसतो, स्वतःचं खरं ठरणं वाचवत असतो. आणि तुझे डॉक्टर विचारी असतील तर जास्तच वाईट. माझ्यासारखीला स्वतःवर भरवसाच नसतो, म्हणून मी चार कुलपं लावते. विचारी माणसाला वाटतं, मला कशाला कुलूप!

त्यांना एकच प्रश्न विचार. समजा, आज हातात नाणं नाही, त्याच्या किमतीची रोकड आहे, तर आज तुम्ही ते नाणं विकत घ्याल का? "नाही" म्हणाले, तर आत्ता विका. "हो" म्हणाले, तर त्यांच्या बायकोला गाठून सगळं सांगून टाक. म्हातारपणचे पैसे असे उधळायचे म्हणजे मूर्खपणाच की! माझ्या हातात असते तर त्यांचा फोनच विहिरीत टाकला असता.

असो. परवा घड्याळजींकडे जाऊन खोल्या मापून येणार. तुझी खाट कुठल्या भिंतीला? माझ्या घोरण्यापासून लांब, हे ठरलंच आहे. मुंगे, दोनच महिने राहिले! मला शाळा सुटायच्या आधीच्या शेवटच्या तासाला बसल्यासारखं होतंय.

तुझी,
भिंगरी


हॉस्पिटल क्वार्टर्स
२७ मे

प्रिय भिंगरे,

घराबद्दल मी पुन्हा विचार केला. तळमजला म्हणजे ओल असणार. तुझ्या गुडघ्याला ती बरी नव्हे. वर्षअखेरीपर्यंत थांबावं असं वाटतं. तोवर मी कुठेतरी खोली बघते.

घड्याळजींना तसं कळवून टाक. घाई कशाला.

तुझी,
मुंगी


लाँड्रीवरची खोली
३१ मे
(कुरिअरने)

मुंगे,

तुझं पत्र वाचून मी घड्याळजींकडे गेले आणि दोन्ही खोल्यांच्या भिंतींवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हात फिरवला. बिस्किटासारख्या कोरड्या आहेत. घड्याळजी डोळ्यावरचं भिंग काढून म्हणाले, "ओल? तुमच्या बहिणीने एप्रिलमध्ये विसाराला मुदत मागितली तेव्हा म्हणाल्या बँकेचं काम आहे. मेमध्ये पुन्हा मागितली तेव्हा म्हणाल्या तब्येत. आता ओल का?"

मी त्यांच्या दुकानातल्या स्टुलावर बसले. चाळीस घड्याळं टिकटिकत होती. आणि मला एकदम आठवलं, तुझ्या भूलवाल्या डॉक्टरांची बायको तीन वर्षांपूर्वी गेली. तूच तर लिहिलं होतंस, की त्यांना डबा द्यायला जातेस म्हणून.

मुंगे, ते नाणं डॉक्टरांचं नाही.

मी तुला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तू म्हणालीस, "ऑपरेशन थिएटरमध्ये आहे, नंतर बोलते." निवृत्त होऊन महिना झाला. कुठल्या थिएटरात?

आधी माझं ऐक. मी तुला मूर्ख म्हटलं. तुला नाही, त्यांना, पण पोचलं तुलाच. ते मी मागे घेते. मी इकडे माझ्याच उड्या सांगत बसले आणि तू तिकडे त्या शांत खोलीत माझी पत्रं दोन-दोनदा वाचत होतीस. आग मी लावली आणि बादली घेऊन मीच नाचत होते.

आता दुसरं. हे कधी कोणाला सांगितलं नाही. एक्स्चेंजमध्ये परगावच्या कॉलला तीन मिनिटं असायची. तीन झाली की आम्ही सांगायचो आणि तोडायचो, कारण पुढे रांग असायची. एकदा एक माणूस आईशी बोलत होता. ती आजारी होती. त्याला मुद्द्यावर यायलाच अडीच मिनिटं लागली. हवा, पीक, शेजारी असलं काहीबाही बोलत होता. मी "वेळ संपली" म्हणाले, तो म्हणाला, "ताई, एक मिनिट." मी तोडलं. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले. पण माझ्या बोर्डावर आणखी अकरा दिवे लागले होते, मुंगे. त्यांच्याही आया आजारी असतील. लाइन धरून ठेवली असती तर मला दयाळू वाटलं असतं आणि अकरा जण ताटकळले असते. तोडणं मला कधीच सोपं गेलं नाही. मला फक्त ते येतं. तुला येत नाही. तुझ्या कामात तोडणं नव्हतंच.

म्हणून उद्या सकाळी विक. सगळं. किती गेलं ते मला सांगू नकोस, नाहीतर सांग, पण विकल्यावर. या वेळी आठ दिवसांचा नियम नाही. तो बसत्यांना उठवण्यासाठी होता, पडत्यांना सोडण्यासाठी नव्हे.

मी रागावणार आहे. पण नंतर, शेजारच्या खाटेवरून, सावकाश.

तुझी,
भिंगरी


हॉस्पिटल क्वार्टर्स
१ जून

प्रिय भिंगरे,

विकलं.

कुरिअरवाला नऊला आला. तुझं पत्र उभ्यानेच वाचलं. मग मी हात धुतले. कोपरापर्यंत, साबण लावून, पूर्ण वेळ घेऊन. का ते विचारू नकोस, हात आपोआप नळाखाली गेले. टेबलावर धुतलेला टॉवेल अंथरला, त्यावर फोन ठेवला आणि विकलं. मग घड्याळाकडे बघून वेळ मोठ्याने म्हटली, दहा वाजून वीस मिनिटं. लिहून घ्यायला समोर कोणी नव्हतं.

खरं सांगते आता. एप्रिलच्या सुरुवातीला, तुझं ॲपबद्दलचं उत्तर आल्यावर, मी पहिल्यांदा घेतलं. अगदी थोडं, तुझ्यासारखं दहातलं एक. चढलं तेव्हा मी खोलीत एकटीच हसले. किती वर्षांनी, भिंगरे! मला वाटलं, घराचा रंग माझ्याकडून, अंगणाची फरशी माझ्याकडून, आणि तुला ते तिथे पोचल्यावरच सांगायचं. मग पडायला लागलं. स्टॉप-लॉस मला माहीत होता, तुझ्याच पत्रातून. मी घातला नाही. तुला वाटेल लोभ. लोभ पहिल्या आठवड्यातच संपला होता. पेशंट टेबलावर आहे, दाब खाली चाललाय, अशा वेळी कोणी हातमोजे काढून घरी जातं का? मी बत्तीस वर्षांत कधी गेले नाही. मी रक्त चढवत राहिले. एक बाटली, मग आणखी एक. माझ्या वाट्यातले निम्मे पैसे त्यात गेले, आणि आज त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा हातात आला.

तो पेशंट नव्हता, हे मला आज दहा वाजून एकवीस मिनिटांनी कळलं. त्याला माझी गरजच नव्हती.

घड्याळजींचं घर आता होत नाही. मी हिशेब तीनदा तपासला. तुला पैसे घालू देणार नाही, तेवढं बोलूच नकोस. त्यांना सांग, दुसऱ्या कोणाला द्या.

आज दुपारी मी खूप दिवसांनी पोटभर जेवले.

तुझी,
मुंगी


लाँड्रीवरची खोली
१३ जून

प्रिय मुंगे,

तुझं "विकलं" वाचून मी खिडकीतून ओरडले आणि लाँड्रीवाल्या बाईंनी घाबरून इस्त्रीचं बटण बंद केलं. शाबास! शंभरदा शाबास! माझ्यापेक्षा तुझं कठीण होतं.

घड्याळजींनी घर एका दातांच्या डॉक्टरला दिलं. मी त्यांच्यासमोर धीट राहिले, आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसलं. पण दुसऱ्याच दिवशी शोधाला लागले! एक जागा आहे. नव्या वस्तीत, बस थांब्याच्या मागे. एकच खोली, पण लांबलचक. लहानसं स्वयंपाकघर आणि पुढे कठड्याचा ओटा. तळमजला. मालकीण शिवणकाम करते, मुलीकडे राहायला चालली आहे. तिचा पत्ता खाली लिहिलाय. आपल्या दोघींच्या आहे त्या पैशांत बसते, फक्त दोन खाटांमध्ये पडदा लावावा लागेल.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. पाहिलंस का? तू विकलंस त्याच्या पाचव्या दिवसापासून ते नाणं चढतंय. रोज. आज जवळजवळ दुप्पट झालंय. मुंगे, मी तुला चुकीचं सांगितलं का? चार दिवस थांबली असतीस तर?

भाचेसून म्हणते, "मामी, निर्णय बरोबर होता, निकाल वेगळा लागला. दोन्हींची गल्लत करू नका." तिला बोलायला काय जातं! तिची बहीण नाही ना एका खोलीत राहायला चाललेली.

म्हणून नियमाप्रमाणे विचारते. माझे बसते पैसे निम्मे उठवू का? त्याच नाण्यात. माझ्यासाठी नाही, शपथ. तुझं गेलेलं तेवढं परत आणते आणि बाहेर पडते. भाचेसुनेला सांगितलेलं नाही. तू "हो" म्हटलंस की पाच मिनिटांचं काम आहे. अक्षर बघ कसं आलंय.

तुझी,
भिंगरी


बस थांब्यामागची ओट्याची जागा
१९ जून
(कुरिअरने)

प्रिय भिंगरे,

वरचा पत्ता पुन्हा वाच. मग पुढे वाच.

तुझं पत्र परवा सकाळी आलं. मी नाण्याचा भाव पाहिला. खोटं कशाला बोलू, रोज पाहत होते. तुझ्यावर चिडलेही होते, पातेलं आपटण्याइतकी. चार दिवस! चार दिवस थांबले असते तर घड्याळजींच्या भिंतीत खिळा ठोकला असता. आणि तू उठवू का म्हणून विचारतेस, तेही माझ्यासाठी. मी उत्तर लिहिलं, "उठव." दोनच ओळी. तिकीट लावलं. पेटीपर्यंत गेले.

पेटीपाशी एक बाई पत्रं काढत होती. तिने पिशवी पुढे केली आणि म्हणाली, "थेट यातच टाका, आत्ता निघालेय." मी पाकीट पुढे केलं आणि माझ्या लक्षात आलं, माझा श्वास उथळ चाललाय. हे मी शेकडो नातेवाइकांचं पाहिलंय. दाराबाहेर उभे असतात, आणि त्या वेळी त्यांच्यापुढे कुठलाही कागद धरा, सही करतात. तशांकडून सही घ्यायची नाही, आधी त्यांना बसवायचं, पाणी द्यायचं, हे मीच मुलींना शिकवत आले. मी त्या बाईला म्हटलं, "राहू दे, चुकीचं लिहिलंय." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं तुझ्याकडे त्या पोस्टातल्या काकांनी पाहिलं असेल.

मग मी बस पकडली. चिठ्ठी नाही, फोन नाही, तुला विचारणं नाही. बत्तीस वर्षांत अशी मी कुठे गेले नव्हते. शिवणकामवाल्या बाई ओट्यावर मशीन पुसत बसल्या होत्या. खोली लांबलचक आहे खरी. मी दोन्ही टोकांना जाऊन बोलून पाहिलं, त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "काय बघताय, ताई?" म्हटलं, "एकीचं घोरणं दुसरीपर्यंत पोचतं का ते." म्हणाल्या, "पोचतं." म्हटलं, "बरं झालं."

विसार दिला, भिंगरे. माझा सगळा वाटा, तिथल्या तिथे, बँकेत त्यांच्यासोबत जाऊन. कागदावर दोघींची नावं आहेत. तुझ्या वाट्याला पंधरा दिवसांची मुदत आहे, ती चुकली तर माझा विसार बुडतो. शिवणकामवाल्या बाईंनी ही अट घातली नव्हती, मीच घालून घेतली. आता तुझे बसते पैसे उठायला मोकळे नाहीत. ते इथे बसले. उडते तुझ्याकडे आहेतच, त्यांना उडव, आणि मला सांगत जा. मला तुझ्या उड्या वाचायच्या आहेत, घ्यायच्या नाहीत.

ॲप फोनमध्ये तसंच ठेवलंय. काढून टाकलं असतं तर रोज आठवण झाली असती. काल सकाळी बघायचं राहून गेलं, कारण बाई किल्ल्या देऊन गेल्या आणि मी ओटा धूत होते. ते नाणं काल कुठे होतं, मला खरंच माहीत नाही.

तुला हे फोनवर सांगणार होते. पण तू ओरडली असतीस आणि मला रडू आलं असतं. मला आज वेळ नाही. पडद्याचं माप घ्यायचंय आणि टेपचं दुसरं टोक धरायला कोणी नाही. पाच मिनिटांचं काम आहे. दुपारची बस धर.

तुझी,
मुंगी